थँक्सगिव्हिंगला किलिंग्टन "ओपन" आहे म्हणे, नवशिक्यांनी जावं का?

जर्सीची_जाई

मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे. आम्ही सेंट्रल जर्सीत राहतो, नवरा चांगला स्की करतो, मी आणि नऊ वर्षांची लेक मात्र गेल्या फेब्रुवारीत इथल्याच माउंटन क्रीकला दोन लेसन घेतलेल्या, म्हणजे पिझ्झा करून (स्कीची पुढची टोकं जवळ आणून) थांबता येतं आणि हिरव्या, म्हणजे सगळ्यात सोप्या ट्रेलवर रडारड न करता खाली येता येतं एवढीच आमची मजल. आता नवऱ्याच्या ऑफिसातली गँग नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, शुक्रवारी, व्हरमाँटमधल्या किलिंग्टनला स्कीला निघालीये आणि ह्याचं पालुपद एकच, "ओपन आहे, स्नोमेकिंग जबरदस्त आहे, चला." इथे माझ्या अंगणातलं गवत अजून हिरवंगार, काल दुपारी ५८ डिग्री (फॅरनहाइट) होतं, मुलं टीशर्टवर खेळत होती! पाच तास गाडी हाणून जायचं आणि तिथे नुसता चिखल निघाला तर? शिवाय हे मशीनचं स्नो म्हणजे खरं स्नो असतं की किसणीवर किसलेला बर्फ? आणि जो तो "वेट बल्ब बघ, वेट बल्ब बघ" म्हणतोय, ती काय भानगड आहे? नणंद बोस्टनहून यायला तयार आहे, तिला उद्या सांगायचंय.

बोस्टनचा_बंड्या

जाई, हात जोडून सांगतो, लेकीला घेऊन जाऊ नका.

ओपन म्हणजे काय ते आधी समजून घ्या. सुरुवातीच्या दिवसांत किलिंग्टनला सगळा कारभार डोंगराच्या माथ्याजवळ असतो. के-वन गोंडोलाने वर जायचं, मग स्की खांद्यावर टाकून, बूट घालून, लोखंडी जिन्यावरून खाली चालत जायचं (पीक वॉकवे म्हणतात त्याला), तिथून नॉर्थ रिजच्या लिफ्टवर रीझन, राइम असल्या ट्रेलवर दिवसभर गोल गोल फिरायचं आणि संध्याकाळी परत गोंडोलात बसूनच खाली यायचं, कारण खालच्या अर्ध्या डोंगरावर तुमच्या अंगणासारखंच गवत असतं. बन्नी हिल (शिकायचा छोटा उतार), मॅजिक कार्पेट (तिथला सरकता पट्टा) वगैरे तेव्हा सहसा चालू नसतं. म्हणजे नवशिक्यांनी जायचं कुठे? त्या लोखंडी जिन्यावर स्की बूट घालून नऊ वर्षांची पोर उतरतीये असं नुसतं डोळ्यासमोर आणा.

आणि अर्धं ईस्ट कोस्ट त्याच एका पट्ट्यावर आलेलं असतं. दोन्ही बाजूंना तपकिरी जंगल आणि मधोमध पांढरी पट्टी, इथले लोक तिला "व्हाइट रिबन ऑफ डेथ" म्हणतात ते उगाच नाही. बर्फाची भीती कमी, मागून सुसाट येणाऱ्या कॉलेजच्या पोराची जास्त.

कॉम्प्रेसरवाला

बंड्याने जायचं की नाही ते सांगितलं, मी मशीनचं सांगतो, कारण इंडस्ट्रियल कॉम्प्रेसर हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि दोन-तीन डोंगरांचे कॉम्प्रेसर रूम आतून बघितलेत.

वेट बल्ब म्हणजे आपला माठ. माठातलं पाणी झिरपतं, उडून जातं आणि जाताना आतलं पाणी गार करतं, हवा जितकी कोरडी तितका माठ गार, बरोबर? थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं की जो आकडा दिसतो तो वेट बल्ब. स्नो गनमधून, म्हणजे पाणी फवारून स्नो बनवणाऱ्या मशीनमधून, उडालेल्या थेंबाचंही हेच होतं. म्हणून बाहेर ३४ डिग्री आणि ह्युमिडिटी ३० टक्के असेल तर वेट बल्ब २६ च्या आसपास येतो आणि गन झकास चालते, पण ३० डिग्री आणि ह्युमिडिटी ९५ असेल तर वेट बल्ब साडेएकोणतीस, तेव्हा चालवलीत तर खाली रबडी पडते. लोक फोनवर ३० बघून खूश होतात आणि ३४ बघून रडतात, असं उलटं होतं. साधारण वेट बल्ब २८ च्या खाली गेला की काम सुरू करता येतं, मनासारखा माल मात्र २० च्या खाली निघतो.

किसलेला बर्फ नाही हो ते. पाण्याचा बारीक थेंब शून्य सेल्सिअसला आपोआप गोठत नाही, त्याला जमायला काहीतरी बी लागतं. गनमधून दाबलेली हवा सुटते, पसरते, एकदम थंड होते आणि त्यात बर्फाचे सूक्ष्म कण तयार होतात, तेच बी. बाकीचे थेंब त्याला धरून खाली पडेपर्यंत गोठतात, म्हणून तर गन उंच दांड्यावर लावतात, थेंबाला हवेत जास्त वेळ मिळावा म्हणून. फक्त सहा पाकळ्यांचं ते सुंदर फूल काही होत नाही, गोल दाणा होतो, साबुदाण्यासारखा, आणि एकावर एक घट्ट बसतो. त्यामुळे आकाशातल्या ताज्या स्नोपेक्षा कितीतरी जड असतं आणि म्हणूनच टिकतं. किलिंग्टनला सुपरस्टार ट्रेलवर हे इतकं उंच रचून ठेवतात की बाकी डोंगर हिरवा झाला तरी मे महिन्यात लोक तिथे स्की करत असतात.

एकदा रात्री एका डोंगरावर (नाव नको) स्नोमेकरबरोबर फिरलो होतो, त्याने हातात मीटर-बीटर काही घेतलं नाही, गनच्या फवाऱ्याखाली उभा राहून जाकिटाची बाही पुढे केली. कण बाहीवर आपटून टणकन उडाले तर कोरडं, चालू ठेव. बाहीवर चिकटून पाण्याचे ठिपके झाले तर ओलं, पाण्याचा व्हॉल्व्ह जरा आवळ. तासाभरात त्याची बाही पत्र्यासारखी कडक झाली होती आणि कॉम्प्रेस्ड एअरचा आवाज असा की शेजारी उभ्या माणसाशी हातवारे करून बोलायचं.

आता पाण्याचा हिशोब बघा म्हणजे डोंगरवाले पूर्ण डोंगर का उघडत नाहीत ते कळेल. एक एकरावर एक फूट थर द्यायला साधारण दीड ते दोन लाख गॅलन पाणी लागतं. आणि एक फुटाने दगडसुद्धा धड झाकले जात नाहीत! ओढ्यातून वाटेल तेवढं उपसता येत नाही, माशांसाठी पाणी सोडावं लागतं, म्हणून तळी बांधतात. व्हरमाँटमधल्या माउंट स्नो या स्की डोंगराने २०१७ मध्ये १२ कोटी गॅलनचं वेस्ट लेक बांधलं ते ह्याचसाठी. नोव्हेंबरात थंडीच्या दोन रात्री मिळाल्या की असेल तेवढं पाणी एकाच ट्रेलवर ओततात. त्यातून तुमची ती रिबन.

जाता जाता, हा सगळा उद्योग सुरूही इथेच झाला. १९४९-५० च्या हिवाळ्यात कनेटिकटमधल्या मोहॉक माउंटनला बर्फ पडेना, तेव्हा मालक वॉल्ट शोनेक्ट याने बर्फाच्या लाद्या ट्रकने आणून चिरडून उतारावर पसरल्या. त्याच राज्यात मिलफर्डमध्ये स्की बनवणारे तिघेजण धंदा बसला म्हणून वैतागलेले, त्यांनी मार्च १९५० मध्ये रंगाच्या स्प्रेचं नोझल, बागेचा पाइप आणि कॉम्प्रेसर जोडून पहिली स्नो गन केली. म्हणजे मूळ आयडिया वैतागातून आलीये. शोनेक्टने पुढे माउंट स्नो काढलं.

जर्सीची_जाई

कॉम्प्रेसरवाले दादा, माठाचं पटलं! आता शुक्रवारचा अंदाज बघितला, वर २७ डिग्री दाखवतंय आणि बुधवारी रात्री पाऊस. मग गुरुवारी गन चालल्या की शुक्रवारी मस्त नाही का होणार? नवरा मागून वाचतोय आणि "बघ, २७!" म्हणून नाचतोय.

कॉम्प्रेसरवाला

वहिनी, नाचू द्या, पण शुक्रवारच्या २७ ने काही ठरत नाही. गनखाली जे पडतं ते थोडं ओलंच असतं, त्याचे मोठाले ढीग करतात, व्हेल म्हणतात त्याला, पाण्यातून पाठ वर काढलेल्या माशासारखे दिसतात म्हणून. ते दिवस-दोन दिवस तसेच सोडले की आतलं पाणी निथळतं, मग स्नोकॅट (बर्फ सपाट करणारी गाडी, तिलाच ग्रूमर म्हणतात) फिरवून पसरवायचे. चक्का बांधून ठेवतो ना आपण, तसंच. सुट्टीची गर्दी येणार म्हणून घाईघाईत ओलंच पसरलं की रात्री त्याची बर्फाची कडक फरशी होते आणि सकाळी ग्रूमर फिरला की फरशीचे लिंबाएवढे गोळे सुटतात, त्यांना डेथ कुकी म्हणतात. बुधवारी पाऊस आणि शुक्रवारी २७, म्हणजे सकाळी फरशीच धरून चाला.

रिबनभक्त

काय रे, सगळे मिळून बाईंना घाबरवताय 😀 मी गेली कित्येक वर्षं सीझनचा पहिला दिवस किलिंग्टन नाहीतर मेनमधल्या संडे रिव्हरला करतो, दोघांची आधी कोण उघडतं अशी चुरस असते, आणि मला ती रिबन आवडते. सहा महिने थांबून पहिला टर्न मारला की कसलं भारी वाटतं ते तुम्हाला नाही कळणार. लिफ्टवरून गनखालून जाताना गॉगलवर बर्फाचा पापुद्रा चढतो, दिसेनासं होतं, अंगठ्याने खरवडायचं आणि पुढे जायचं, हीच तर मजा. २०१६ पासून महिलांच्या स्की वर्ल्ड कप रेस थँक्सगिव्हिंगच्या वीकेंडला तिथेच व्हायच्या (२०२० सोडून, २०२५ ला सुपरस्टारची लिफ्ट बदलत होते म्हणून कोलोरॅडोतल्या कॉपरला गेल्या), ते काय पाणचट बर्फावर होतं का?

पण हां, बंड्याचं एक बरोबर, हे लेकीसाठी नाही. आणि भाऊजींना सांगा नवे कोरे स्की नेऊ नका. मी एका वर्षी शहाणपणा करून नवीन जोडी नेली, दुपारी दोनच्या सुमारास मधला पट्टा घासून पातळ झालेला, कडेला चॉकलेटी रंग डोकावत होता तो मला सावली वाटला, आणि कर्रर्र आवाज आला तो अजून कानात आहे. स्कीचा तळ थेट आतल्या लाकडापर्यंत फाटला. तेव्हापासून माझ्याकडे रॉक स्की वेगळे आहेत, दगडावर घासले तरी चालतील असे जुने, कुणी चोरणार पण नाही असे. भाऊजींनी भाड्याने घेतले तरी चालतील, फक्त सकाळी पहिल्या गोंडोलात बसा आणि अकराला पॅक-अप करा. त्यानंतर जे उरतं ते रस्त्यावर करण्यासारखं आहे.

बोस्टनचा_बंड्या

@रिबनभक्त वर्ल्ड कपवाल्यांना फरशीच हवी असते भाऊ, मुद्दाम पाणी मारून कडक करतात. २०२४ ला अमेरिकेची स्टार स्कीपटू मिकेला शिफ्रिन तिथेच वर्ल्ड कपमधल्या शंभराव्या विजयाच्या मागे असताना पडली आणि चांगलीच जखमी झाली. तिचं असं होतं तिथे जाईच्या पिझ्झाचं काय घेऊन बसलास.

पायथ्याची_मावशी

न्यू हॅम्पशरमधून लिहितेय, दोन मुलं याच डोंगरांवर शिकली, म्हणून थोडं आईच्या नजरेने.

जाई, ट्रेल किती उघडे हा आकडा बघूच नकोस. एकच लांब ट्रेल तीन नावांनी मोजलेली असते, वरचा, मधला, खालचा, झाले तीन. तू फक्त एवढं बघ की शिकायची जागा आणि तिची लिफ्ट चालू आहे का आणि लेसन बुक होतायत का. लेसन देत नसतील तर डोंगर स्वतःच सांगतोय की अजून वेळ आहे. मॅसॅच्युसेट्समधलं वाचुसेट छोटं आहे पण स्नोमेकिंगला जोर आहे, तुझ्या नणंदेला तासाभरावर पडेल. आमच्याकडचं ब्रेटन वुड्स उताराने सौम्य आहे, मुलांना ते बरं. व्हरमाँटमध्ये ओकेमोचं ग्रूमिंग (बर्फ सपाट करणं) छान असतं. तिन्हीकडे डिसेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा उजाडू दे.

आणि ख्रिसमसची रूम आत्ताच नॉन-रिफंडेबल घेऊन ठेवू नकोस गं, डिसेंबरातला पाऊस फार वाईट. १८ डिसेंबर २०२३ ला एवढा पाऊस आला की मेन, न्यू हॅम्पशर, व्हरमाँटमध्ये पूर आले, रस्ते वाहून गेले, जमवलेलं सगळं पाण्यात. पण नुसत्या पावसाने जेवढं जात नाही तेवढं धुक्याने जातं, उबदार दमट हवा रात्रभर बर्फावर बसली की सकाळी अर्धा फूट गायब. म्हणून मी ड्यू पॉइंट बघते, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते तो आकडा. तो ३२ च्या वर दोन दिवस दिसला की सामान गाडीत भरतच नाही.

ज्यांना मशीनचं आवडत नाही त्यांनी व्हरमाँटमधल्या मॅड रिव्हर ग्लेनची वाट बघावी, तिथे स्नोमेकिंग जवळजवळ नाहीच, आकाशाने दिलं तर दिलं. जंगलात शिरणारे लोक तर व्हरमाँटमधल्याच माउंट मॅन्सफिल्डवरच्या बर्फ मोजायच्या पट्टीकडे डोळे लावून असतात, ४० इंच झाल्याशिवाय झाडांत जायचं नाही असा तिथला अलिखित नियम. ती पट्टी १९५४ पासून मोजतायत. थँक्सगिव्हिंगला तिच्यावर काय असतं ते एकदा बघ म्हणजे नवऱ्याला दाखवता येईल.

जर्सीची_जाई

मावशी, बघितलं आणि दाखवलं. नाचणं थांबलंय.

ठरलं असं की नवरा गँगबरोबर एकटा जाणार, भाड्याच्या स्कीवर, आणि अकराला परत फिरणार (हे मी लिहून घेतलंय). मी, लेक आणि नणंद डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी वाचुसेटला, लेसन आजच बुक केला, आधी कॅन्सलेशनचं वाचून मग. लेकीला बाहीची गोष्ट सांगितली तर ती आता म्हणतेय की बाबांनी गनखाली बाही धरून व्हिडिओ पाठवायचाच.

रिबनभक्त

पाठवायला सांगा. पण लिफ्टच्या रांगेत असताना धरायला सांगा, ट्रेलवर मधेच थांबले तर बंड्या म्हणतो तो कॉलेजचा पोरगा मागून येतोय.