इंटिग्रेटेड ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर काउंटर-स्ट्राइक २ : दहा-पंधरा मिनिटांनी फ्रेम रेट का कोसळतो?

रात्रपाळी

नमस्कार. माझ्याकडे इंटेल कोअर आय५-८२५०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि यूएचडी ६२० हे प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स असलेला लॅपटॉप आहे. काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह या लॅपटॉपवर मी समाधानाने खेळत असे. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची जागा काउंटर-स्ट्राइक २ ने घेतली, सोर्स २ हे नवे इंजिन आले आणि तेव्हापासून ओढाताण सुरू झाली.

रिझोल्यूशन १२८० × ७२० केले आहे, सर्व सेटिंग लोवर आहेत, व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या गतीशी जुळवणे) आणि एमएसएए (कडा गुळगुळीत करणे) बंद आहेत, आणि खेळताना ब्राउझरही बंद असतो. सामना सुरू होताना सेकंदाला ४५ ते ५० फ्रेम (चित्रे) मिळतात आणि तेवढ्यावर माझी काही तक्रार नाही. पण दहा-पंधरा मिनिटांत तो आकडा २५-३० वर येतो आणि समोर स्मोक (धुराचा ग्रेनेड) फुटला की चित्र अक्षरशः अडखळते, नेमका तेव्हाच समोरचा गोळी घालून मोकळा होतो. या विषयावर शोधले तर लाँच ऑप्शनच्या (खेळ सुरू करताना द्यायच्या आज्ञांच्या) लांबलचक ओळी, विंडोज रजिस्ट्रीच्या तयार फाइली आणि ‘एफपीएस बूस्टर’ नावाची सॉफ्टवेअर यांचाच भडिमार दिसतो. यातले खरोखर उपयोगाचे काय आहे? नवा लॅपटॉप घेणे सध्या शक्य नाही, हे गृहीत धरून कृपया सांगावे.

उष्णकटिबंध

तुमच्या वर्णनातला सर्वांत महत्त्वाचा तपशील ‘दहा-पंधरा मिनिटांत’ हा आहे. सेटिंग जड असती तर फ्रेम रेट पहिल्या फेरीपासूनच कमी असता. सुरुवातीला बरा असतो आणि मग घसरतो, याचा अर्थ चिपला तेच काम त्याच वेगाने करत राहणे जमत नाही, आणि याचे कारण बहुतेक वेळा उष्णता किंवा वीजमर्यादा यांपैकी एक असते. म्हणून आणखी काही बदलण्याआधी मोजमाप करा.

खेळाच्या सेटिंगमध्ये टेलिमेट्रीचा भाग आहे, तिथे फ्रेम टाइम आणि एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) कायम दिसतील असे करा. फ्रेम टाइम म्हणजे एक चित्र तयार व्हायला लागलेला वेळ. ६० फ्रेमना तो १६.७ मिलिसेकंद पडतो, ३० फ्रेमना ३३.३. सरासरी एफपीएस चांगला असूनही खेळ अडखळत असेल तर अधूनमधून एखादी फ्रेम ८०-१०० मिलिसेकंद घेते आहे असे समजावे, आणि हाताला जाणवतो तो हाच धक्का. त्यासोबत एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर सेन्सर दाखवण्याच्या अवस्थेत मागे चालू ठेवा आणि सामना संपल्यावर तीन गोष्टी पाहा : प्रोसेसरचे कमाल तापमान, कोअरचा किमान वेग, आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’ (उष्णतेमुळे वेग कमी होणे) व ‘पॉवर लिमिट एक्सीडेड’ (वीजमर्यादा ओलांडली जाणे) या ओळींपुढे ‘येस’ आले आहे का.

या दोन ओळींतला फरक समजून घ्या. ८२५०यू ही १५ वॅटची चिप आहे आणि त्या १५ वॅटमध्ये चार कोअर आणि ग्राफिक्स अशी दोघांची वाटणी असते. सुरुवातीचे काही सेकंद चिप या मर्यादेच्या वर जाऊ शकते, नंतर मर्यादेत परत येते. ही घसरण लवकर होते आणि त्यात बिघाड असा काही नाही. तापमानाची मर्यादा मात्र वेगळी. या चिपसाठी ती १०० अंश सेल्सिअस आहे, काही लॅपटॉपमध्ये ती उत्पादकाने आणखी खाली ठेवलेली असते, आणि तिथे पोहोचल्यावर वेग १५ वॅटला मिळायला हवा त्याच्याही खाली जातो. दहा-पंधरा मिनिटे लागत असतील तर माझा संशय यावर आहे.

उपाय साधे आहेत. गादीवर किंवा मांडीवर लॅपटॉप ठेवू नका, मागची बाजू थोडी उचलून ठेवा, आणि खेळताना चार्जर जोडलेलाच असू द्या, कारण बॅटरीवर वीजमर्यादा बहुधा आणखी खाली येते. इतक्या वर्षांच्या लॅपटॉपमध्ये पंख्याच्या पात्यांपेक्षा धूळ अधिक साचते ती पंखा आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्यामध्ये, नमद्यासारखा थर होऊन. तो थर मागचे झाकण काढल्याशिवाय दिसत नाही आणि बाहेरून हवा मारली तर आतच सरकतो. झाकण उघडलेच आहे तर थर्मल पेस्टही (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्या. एवढे करूनही तापमान उतरले नाही तर विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के करा, म्हणजे टर्बो (चिपने मूळ वेगाच्या वर जाणे) बंद होऊन चिप थंड राहील.

काटकसर

उष्णकटिबंध यांचे निदान मला पटते, पण त्यांनी रॅमचा विषय सोडून दिला आहे आणि इंटिग्रेटेड ग्राफिक्ससाठी तो जवळजवळ तितकाच मोठा आहे.

स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची स्वतःची वेगवान मेमरी असते. यूएचडी ६२० ला ती नाही. प्रत्येक टेक्स्चर, प्रत्येक सावली ते तुमच्या साध्या रॅममधूनच वाचते, आणि त्याच वेळी प्रोसेसरही त्याच रॅममधून वाचत असतो. डीडीआर४-२४०० ची एकच स्टिक असेल तर वहनक्षमता सेकंदाला कमाल १९.२ जीबी असते. तशाच दोन स्टिक दोन चॅनेलवर बसवल्या की ती ३८.४ जीबी होते. येथे एकूण रॅम ८ जीबी आहे की १६, हा मुद्दा दुय्यम आहे. ८ जीबीची एकच स्टिक आणि ४ जीबीच्या दोन, यांत ग्राफिक्सपुरत्या दोन स्टिक सरस ठरतात, हे दुकानदारही क्वचितच सांगतो.

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ ही ओळ वाचा. तिथे ‘१ ऑफ २’ असे असेल तर या लॅपटॉपवर पैसे खर्च करण्यासारखी ती पहिली जागा. काही लॅपटॉपमध्ये रॅमचा काही भाग मदरबोर्डवरच जोडलेला असतो आणि काहींत दुसरा स्लॉटच नसतो, त्यामुळे विकत घेण्यापूर्वी झाकण उघडून किंवा सर्व्हिस मॅन्युअल पाहून खात्री करा. दुसरी स्टिक त्याच क्षमतेची आणि त्याच वेगाची घेतलेली बरी. बसवल्यावर सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये चॅनेल ‘ड्युअल’ दिसतो का तेही तपासा.

शून्यपिंग

९९ टक्क्यांच्या उपायाशी मी असहमत आहे, निदान या चिपपुरता. ८२५०यू चा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आणि टर्बो ३.४ पर्यंत आहे. टर्बो पूर्ण बंद केला तर चिप मूळ वेगाच्या आसपास अडकते, आणि हा खेळ प्रोसेसरकडून बरेच काम करून घेणारा असल्याने दहा खेळाडू एका जागी भिडले की नवाच अडथळा उभा राहील. टर्बो बंद करण्याऐवजी त्याला मधे कुठेतरी लगाम घाला. थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमध्ये कोअरची कमाल गती ठरवता येते, २.४ ते २.६ गिगाहर्ट्झ इथून सुरुवात करा. असे केल्याने १५ वॅटपैकी प्रोसेसरचा हिस्सा कमी होतो आणि उरलेला ग्राफिक्सकडे जातो, त्यामुळे कधी कधी प्रोसेसर मंद करूनही फ्रेम वाढलेल्या दिसतात. व्होल्टेज कमी करण्याचा मार्ग याहून चांगला होता, पण डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही इंटेल प्रोसेसरमधली सुरक्षा-त्रुटी उघड झाल्यानंतर अनेक उत्पादकांनी बायोस (मदरबोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमधून तो बंद केला आहे. तुमच्याकडे तो चालू असेल तर नशीब समजा. तो मिळवण्यासाठी बायोस जुन्या आवृत्तीवर नेण्याचा खटाटोप करू नये.

अडथळा प्रोसेसरचा आहे की ग्राफिक्सचा, हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. रिझोल्यूशन अगदी खाली, समजा ८०० × ६०० वर आणा आणि त्याच नकाशावर, त्याच जागी उभे राहून आकडा पाहा. तो चांगला वाढला तर अडथळा ग्राफिक्सचा. जागचा हलला नाही तर प्रोसेसरचा, आणि तसे असेल तर चित्र आणखी कुरूप करून हाती काही लागणार नाही. टास्क मॅनेजरमधल्या प्रोसेसरच्या टक्क्यांवर मात्र विसंबू नका. तुमच्या चिपला आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत, त्यामुळे खेळाचा मुख्य थ्रेड एकटा पूर्ण दमला तरी तिथे त्याचे जेमतेम साडेबारा टक्के दिसतात आणि ‘प्रोसेसर तर रिकामाच आहे’ असा गैरसमज होतो.

आता फ्रेमच्या मर्यादेविषयी. व्हिडिओ सेटिंगमध्ये खेळाची कमाल फ्रेम संख्या ठरवता येते, आणि कमकुवत लॅपटॉपवर ती मोकळी सोडणे हा तोटा आहे, असे माझे ठाम मत आहे. मोकळ्या सोडलेल्या खेळात तुम्ही भिंतीकडे पाहत असता तेव्हाही चिप जिवाच्या आकांताने ७० फ्रेम काढते आणि विकत घेतल्यासारखी उष्णता साठवते. मग खरी चकमक सुरू होते तेव्हा तिच्याकडे देण्यासारखे काही उरलेले नसते. ४० ची मर्यादा घातली तर प्रत्येक फ्रेमला २५ मिलिसेकंद मिळतात, काम आधी संपले तर चिप तेवढा वेळ विसावते, आणि मुख्य म्हणजे हाताला एकच लय मिळते. २५ ते ५० मध्ये हेलकावे खाणाऱ्या खेळापेक्षा स्थिर ४० वर नेम चांगला बसतो. व्ही-सिंक बंद आहे ते तसेच राहू द्या, कारण त्याने माउस हलवणे आणि पडद्यावर दिसणे यांतले अंतर वाढते.

स्मोकबद्दल थोडे. या आवृत्तीत धूर ही सपाट चित्रांची रास राहिलेली नाही. तो जागा व्यापणारा आहे, प्रकाशाप्रमाणे बदलतो आणि गोळी किंवा ग्रेनेडने त्यात भगदाड पडते. हे सगळे ग्राफिक्सला प्रत्येक पिक्सेलसाठी मोजावे लागते, म्हणून धूर जवळ असेल आणि पडदा भरून टाकत असेल तर भार सर्वाधिक. पार्टिकल आणि शेडर डिटेल लोवर आहेत, तेव्हा आता उरतो तो पिक्सेल कमी करण्याचा मार्ग. १९२० × १०८० मध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात, १२८० × ७२० मध्ये ९,२१,६००, आणि १०२४ × ७६८ मध्ये ७,८६,४३२. शेवटच्या दोहोंतला फरक पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे, आणि १०२४ × ७६८ च्या ४:३ आकारात बाजूचे दृश्य कापले जाते ही त्याची किंमत. डायनॅमिक शॅडोजमध्ये ‘सन ओन्ली’ निवडले तर भार हलका होतो, पण घराच्या आतल्या दिव्यांनी पडणाऱ्या शत्रूच्या सावल्या मग दिसत नाहीत.

लाँच ऑप्शन, रजिस्ट्री आणि बूस्टर : तिन्ही सोडून द्या. खेळाला जबरदस्तीने उच्च प्राधान्य दिल्याने कमकुवत प्रोसेसरवर आवाज आणि माउसचे काम ताटकळते. बूस्टर जे काही खरोखर करतात ते तुम्ही ब्राउझर बंद करून आधीच केलेले आहे. खेळाच्या मूळ फाइलींना तर हातही लावू नये. त्यात खाते बंद होण्याची जोखीम आहे.

जुनापेटारा

डेस्कटॉपवाल्यांनी हा धागा वाचला तर त्यांच्यासाठी दोन वाक्ये. स्वतंत्र पण जुने कार्ड असेल तर वीजवाटणीचा प्रश्न बहुतेक येत नाही. तिथे कार्डाची मेमरी १ किंवा २ जीबी असल्यास टेक्स्चर आधी लोवर न्यावे, कारण ती भरली की माल साध्या रॅममधून ओढला जातो आणि खेळ झटके देतो. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घातल्याने सरासरी फ्रेम वाढत नाहीत, पण नकाशा उघडतानाचे आणि सुरुवातीच्या मिनिटांतले अडखळणे पुष्कळ कमी होते.

रात्रपाळी

सर्वांचे आभार. सुचवल्याप्रमाणे मोजमाप केले. कमाल तापमान ९७ अंश, थर्मल थ्रॉटलिंगपुढे ‘येस’, आणि सामन्याच्या उत्तरार्धात कोअरचा वेग १.३ गिगाहर्ट्झपर्यंत उतरलेला. ८०० × ६०० वर आणल्यावर सुरुवातीला आकडा बराच वाढला, म्हणजे थंड असताना अडथळा ग्राफिक्सचाच आहे. रॅमचे स्लॉट ‘१ ऑफ २’.

लॅपटॉप उघडून साफ करून घेतला आणि पेस्ट बदलली. कमाल तापमान आता ८४ वर थांबते. थ्रॉटलस्टॉपमध्ये २.५ गिगाहर्ट्झ आणि खेळात ४० फ्रेमची मर्यादा ठेवली आहे. पूर्ण सामनाभर आकडा ३८ ते ४० राहतो, जवळच्या धुरात ३० पर्यंत जातो. रॅमची दुसरी स्टिक मागवली आहे. दरम्यान दोन शंका उरल्या. सेटिंगमध्ये फिडेलिटीएफएक्स सुपर रिझोल्यूशन दिसते, ते चालू करावे का? आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत केल्यावर पहिल्या सामन्यात पुन्हा झटके आले, ते कशामुळे?

शून्यपिंग

ते तंत्र खेळ कमी पिक्सेलमध्ये काढून चित्र मोठे करते. ‘क्वालिटी’ या पर्यायात प्रत्येक बाजू दीडपट ताणली जाते, म्हणजे तुमच्या १२८० × ७२० साठी मूळ चित्र साधारण ८५३ × ४८० चे होईल आणि लांबच्या दारातले डोके चार-सहा ठिपक्यांचे उरेल. १०८० वरून खाली येणाऱ्यांना त्याचा लाभ होतो. तुमच्या बाबतीत ‘अल्ट्रा क्वालिटी’च्या खाली जाऊ नये, आणि तेही दुसरी स्टिक बसवल्यानंतरही धुरात त्रास राहिला तरच.

झटक्यांचे कारण शेडर, म्हणजे चित्र कसे रंगवायचे ते ग्राफिक्सला सांगणारे छोटे प्रोग्राम. ड्रायव्हर बदलला की आधी तयार करून साठवलेले शेडर बाद होतात आणि खेळताना पुन्हा तयार होतात. अपडेटनंतर खरा सामना लावण्याआधी बॉटसोबत (संगणकाने चालवलेल्या खेळाडूंसोबत) त्या नकाशावर एक फेरफटका मारा, चार प्रकारचे ग्रेनेड फेकून घ्या, म्हणजे हे काम तिथेच उरकेल.

काटकसर

स्टिक आली की बसवण्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढायला विसरू नका. पहिल्यांदा चालू करताना पडदा काही वेळ काळा राहिला तर घाबरून बटण दाबू नका, नवी रॅम ओळखायला बायोसला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर ४० ची मर्यादा थोडी थोडी वर नेऊन पाहा, आणि प्रत्येक वेळी आकडा सामन्याच्या शेवटच्या फेऱ्यांत वाचा.