अंथरुणाला खिळलेल्यांसाठी नेमकं काय करता? अनुभव लिहा

माडाखाली:
ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे. काल क्रूसाच्या वाटेत (येशूच्या क्रूसयात्रेतल्या एकेका ठिकाणावर थांबत म्हणायची प्रार्थना) नववं ठिकाण आलं, येशू तिसऱ्यांदा पडतो ते, आणि एकदम आठवलं: पूर्वी आजाऱ्यांसाठी ही वाट ओसरीवरच व्हायची. १४ ठिकाणं, गुडघे टेकणं नाही, खाटेवरूनच. ज्यांनी माणसं सांभाळलीत त्यांनी लिहा. नुसतं 'प्रार्थना करा' नको.

वेंगुर्लेकरीण:
दम लागणाऱ्याला अख्खी जपमाळ झेपत नाही. एकच दशक, म्हणजे दहा मण्यांचा एक भाग, घ्या. एकदा 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', १० वेळा 'नमो मरिया', शेवटी पित्याला गौरव. पहिला अर्धा भाग घरच्यांनी म्हणायचा, 'पवित्र मरिये'पासूनचा आजाऱ्याने. तेही जमेना तर नुसते मणी सरकवू दे. दुःखाची रहस्यं (जपताना मनात आणायचे येशूच्या दुःखसहनाचे प्रसंग) मंगळवार-शुक्रवारची, पण रात्रभर जागणाऱ्याला वार कोण विचारतो!

ओहोळापलीकडे:
आजाऱ्याला पवित्र तेल लावायच्या संस्कारासाठी फादरना फार उशिरा बोलावतात. तो संस्कार शेवटच्या घटकेचाच, हे डोक्यातून जात नाही. १९७२ पासूनच्या विधीत गंभीर आजार, त्यासाठीचं मोठं ऑपरेशन, म्हातारपणाचा अशक्तपणा, सगळं बसतं. माणूस शुद्धीवर असताना बोलवा, त्याला उत्तरं देता येतात. तेल कपाळाला आणि हातांना लागतं, तेव्हा सलाईनची पट्टी जरा बाजूला घ्या. टेबलावर पांढरं कापड, क्रूस, पाण्याचा पेला, चमचा. कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) गिळवत नसेल तर कणभर तुकडा आणि चमचाभर पाणी.
ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती पेटवायची नाही. उदबत्ती पण नाही.

वेंगुर्लेकरीण:
ऑक्सिजनचं बरं लिहिलंत हो. सगळे आधी मेणबत्तीच शोधतात.

जेट्टीवरचो:
विषय सुटता, पण सांगतंय. राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पयल्या दिसा, कपाळाक लावतत ती राख पाण्यात कालवू नकात. खार सुटता आणि कपाळ भाजता. गेल्या वर्षाच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून वस्त्रगाळ करा, कोरडीच लावा. फार तर थेंबभर तेल.

माडाखाली:
देव बरें करूं! आता मूळ विषयाकडे या 😄

कोर्लईकडे:
बायबलातलं स्तोत्र १३ वाचा, फक्त सहा वचनं. पहिल्या दोनांत 'कुठवर' चारदा येतं, भरवसा थेट पाचव्यात. लोक धीर द्यायच्या घाईत पाचव्यावर उडी मारतात आणि आजारी भिंतीकडे तोंड करतो. पहिली दोन सावकाश, तिथेच थांबलात तरी चालेल. ८८वं तर अंधारावरच संपतं, तेही शास्त्रातच आहे. संत पौलाने आपल्या देहातला काटा, म्हणजे दुखणं, काढ म्हणून देवाला तीनदा विनवलं, काटा राहिला. माझी कृपा पुरे, एवढंच उत्तर. एक मात्र ध्यानात ठेवा, दुखण्याची गोळी ठरल्या वेळी द्यायची. गोळी नाकारली की विश्वास मोठा, असं चर्च शिकवत नाही.

ओहोळापलीकडे:
+१. आणि सेवा करणाऱ्याचं काय? पाचव्या ठिकाणचा कुरेनेकर शिमोन आपणहून आला नव्हता, येशूचा क्रूस उचलायला शिपायांनी धरून आणला. कंटाळा आला तर त्यात पाप नाही. रात्रीच्या पाळ्या लावा, एकाच सुनेवर टाकू नका.

वेंगुर्लेकरीण:
हे वाक्य आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकू का? 🙈

वसईकर:
नागासाकीत १५९७ साली क्रूसावर मारले गेले ते संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचे, बरं का!

जेट्टीवरचो:
वसईवाले खंयचोय विषय वसईकच नेतले.

माडाखाली:
महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी कम्युनियन हवं असेल तर नाव आधीच द्या, घराची खूण सांगून. पायऱ्या किती तेही सांगा, आमचे फादर सत्तरीचे आहेत.