मदत हवी आहे: भाच्याला मोरोविंड खेळायला द्यायचा आहे, कोणते मॉड (खेळाडूंनी बनवलेले बदल) घालू आणि कोणते टाळू?

नमस्कार मंडळी,

भाच्याची दहावी संपली आहे आणि सुट्टी लागली आहे. एल्डर स्क्रोल्स मालिकेतला स्कायरिम त्याने पालथा घातलाय, ऑब्लिव्हियनची २०२५ साली आलेली नवी आवृत्तीही खेळून झाली. आता "मामा, याच्या आधीचा दे" म्हणून मागे लागला होता. याच्या आधीचा म्हणजे २००२ चा मोरोविंड, माझा सगळ्यात लाडका गेम. मी हौसेने लॅपटॉपवर टाकून दिला, पण पहिल्याच संध्याकाळी त्याने बंद केला.

तक्रारी दोन. पहिली म्हणजे वार लागत नाहीत. खेळ सुरू होतो त्या सेडा नीन गावच्या कचेरीत टेबलावर पडलेली लोखंडी कट्यार त्याने उचलली, पळतच किनाऱ्यावर गेला आणि एका मडक्रॅबला भोसकत बसला. पातं खेकड्याच्या आरपार गेलेलं दिसतंय आणि त्याला ओरखडाही नाही. मुलगा वैतागला, यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

दुसरी तक्रार: "नकाशावर खूण कुठे आहे? जायचं कुठे?" ही मात्र मला फार लागली, कारण माझा जीव नेमका त्यातच आहे. बालमोरा गावात हॅस्फाट अँटाबोलिस नावाचा माणूस तुम्हाला ड्वेमरांची (लुप्त झालेल्या लोकांची) कोड्याची पेटी आणायला पाठवतो, तेव्हा तो नकाशावर बाण काढत नाही, रस्ता सांगतो. गावाच्या दक्षिणेकडून बाहेर पड, मूनमॉथ किल्ल्याच्या बाजूला वळ, फोयाडावरचा (लाव्हाने कोरलेल्या दरीवरचा) जुना पूल ओलांड, पाइपावरची कळ फिरवली की आर्कन्गथांड या ड्वेमर अवशेषांचं गोल दार उघडेल. तुम्ही ते वाचता, लक्षात ठेवता, चुकता, कोणाला तरी विचारता. पूल सापडतो तेव्हा तो तुम्ही स्वतः शोधलेला असतो. प्रवासाचंही तेच. सिल्ट स्ट्रायडर म्हणजे माणसं वाहून नेणारे अजस्र कीटक, त्यांचे मार्ग एसटीसारखे ठरलेले, सगळीकडे थेट गाडी नाही, मध्ये उतरून दुसरी पकडायची. म्हणून गेम ज्या बेटावर घडतो तिथले रस्ते मला आजही पाठ आहेत. ऑब्लिव्हियनपासून होकायंत्रावर लक्ष्याची खूण आली आणि लोकांनी रस्त्याकडे बघणंच सोडलं, असं माझं ठाम मत आहे.

आणखीही बऱ्याच गोष्टी पुढच्या गेमांनी सोडून दिल्या. हवेत तरंगण्याचा मंत्र गेला. कथेतल्या महत्त्वाच्या माणसालाही मारता यायचं, मग भविष्यवाणीचा धागा तुटला असा संदेश यायचा आणि पुढे काय करायचं ते तुमच्यावर सोडलेलं असायचं, तेही गेलं. टिकलंय ते वेगळंच. जेरेमी सोलची मूळ धून स्कायरिमच्या गाण्यातही ऐकू येते. ती मी भाच्याला वाजवून दाखवली तेव्हा त्याचे डोळे चमकले, म्हणून अजून आशा आहे.

तर जाणकारांना विचारायचं आहे: वार न लागण्यावर उपाय काय? प्रत्येक वार लागेल असा मॉड घालावा का? लॅपटॉप विंडोज ११ चा आहे, मूळ गेम मधूनच बंद पडतो, त्याचं काय करू? आणि खुणा दाखवणारा मॉड न घालता या वयाच्या मुलाला गोडी कशी लावावी? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

बंद पडण्यावर सोपा उपाय म्हणजे ओपनएमडब्ल्यू. स्वयंसेवकांनी गेमचं इंजिन नव्याने लिहिलंय, फुकट आहे, फक्त फाइली तुमच्या विकत घेतलेल्या गेमच्या लागतात. एमडब्ल्यूएसई या मूळ इंजिनाच्या जोड-प्रोग्रामवर चालणारे मॉड मात्र त्यात चालत नाहीत, ते आधीच बघून घ्या. सोबत 'पॅच फॉर प्युरिस्ट्स' टाका, तो फक्त चुका दुरुस्त करतो, गेमची चव बदलत नाही. आणि दूरवरचं दिसण्याचं अंतर फार वाढवू नका. धुकं काढून टाकलं की ते बेट एकदम लहान वाटायला लागतं.

प्रत्येक वार लागण्याचा मॉड नको. वार लागणार की नाही हे हत्याराचं कौशल्य, चपळाई, नशीब आणि थकवा यांवर ठरतं. भाच्याने बहुतेक लांब तलवारवाला योद्धा घेतला असणार आणि हातात कट्यार धरली. ते आखूड पात्याचं हत्यार, म्हणजे वेगळंच कौशल्य. मुख्य कौशल्य ३० पासून सुरू होतं, दुय्यम १५ पासून, बाकीची ५ पासून. त्यात पळून पळून खालची हिरवी पट्टी रिकामी केलेली. रेडगार्ड वंशाचं पात्र घ्यायला सांगा, लढाईत विशेष प्राविण्य आणि लांब पातं मुख्य कौशल्यात ठेवलं की सुरुवातच ५० वर होते. सेडा नीनमधल्या आरिलच्या दुकानातून आपल्या कौशल्याचं हत्यार घ्यायचं आणि शत्रू दिसला की पळणं थांबवून चालत जायचं. फरक त्याच्या लगेच लक्षात येईल.

प्रतिसाद २

ट्रायब्युनल हा मोरोविंडचा अधिकृत विस्तार टाकलाय ना ते बघा. त्याने रोजनिशीत कामं वेगवेगळी लावून दिसतात. नुसत्या मूळ गेममध्ये सगळं तारखेप्रमाणे एकाखाली एक येतं, त्यात नवा माणूस हरवतो. मूळ खोक्यात कागदी नकाशा यायचा, तो असेल तर मुलाच्या हातात द्या आणि पेन्सिलही द्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. नकाशा आहे, घड्यांवर फाटलाय, आधी मागून टेप लावतो. रेडगार्ड घेऊन आज रात्री पुन्हा सुरू करायचं ठरलंय. अजून एक शंका: टॅमरिएल रिबिल्ट हा मोठा मॉड आत्ताच टाकू की मुख्य कथा संपल्यावर? मूळ गेममध्ये नसलेल्या मुख्य भूमीचं काम तो मॉड करणाऱ्या मंडळींनी मोरोविंड बाजारात येण्याआधीपासून चालवलंय आणि अजून नवे प्रदेश येतायत, हे भाच्याला सांगितल्यापासून तो तेच विचारतोय.

प्रतिसाद १

आत्ताच टाका. दोन्ही विस्तार (ट्रायब्युनल आणि ब्लडमून) आणि टॅमरिएल डेटाची फाइल आधी लागेल. तुम्ही समुद्र ओलांडून मुख्य भूमीवर जात नाही तोपर्यंत बेटावरच्या कथेला त्याचा त्रास नाही. फक्त त्याला आधी आर्कन्गथांडची पेटी शोधू दे, आणि ती कुठल्या फळीवर आहे ते सांगू नका.