कॅम्पेन मेडलला मराठीत नेमकं काय म्हणतात?

पणजोबांच्या ट्रंकेत एक मेडल सापडलंय, सहा टोकांचं, पितळेसारखं पिवळट, मधे मुकुट आणि गोलात इंग्रजीत ‘द इटली स्टार’, फीत लाल-पांढरी-हिरवी पण पांढरा पट्टा आता चहात बुडवल्यासारखा दिसतोय. ते मराठा पलटणीत होते. गावच्या स्मरणिकेत ‘शौर्यपदक’ छापायचं चाललंय, चालेल का?

>> नका छापू. हे स्टार पराक्रमाबद्दल नव्हते, त्या मोहिमेत होतात म्हणून मिळायचे. इटली स्टार ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळातला, फितीचे रंगही इटलीच्या झेंड्याचेच. आफ्रिका स्टारला तर तिकडच्या युद्धक्षेत्रात एक दिवसाची नोकरीसुद्धा पुरायची. शौर्याचं वेगळं होतं, त्याच इटलीत यशवंत घाडगे (मरणोत्तर) आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ना. पणजोबा शूर नव्हते असं नाही हां म्हणत मी, फक्त हे मेडल त्याचा पुरावा नाही.

>> मग ‘सेवापदक’?

>> त्यात पण घोळ आहे, ‘विशिष्ट सेवा पदक’ आपल्याकडे निवडून मोजक्यांना देतात, लोकांना तेच वाटणार. ‘युद्धपदक’ म्हणाल तर वॉर मेडल १९३९-४५ हे निराळंच आहे, २८ दिवसांच्या नोकरीवर मिळणारं, गोल. ते पण ट्रंकेत असेल बघा. मी ‘मोहीमपदक’ म्हणेन.

>> मोहीमपदक म्हटलं की मला पल्स पोलिओचं वाटतं 😄 आणि ‘पदक’ तरी कुठे लष्करी शब्द, आमच्या आजीच्या तोंडी पदक म्हणजे गळ्यातल्या साखळीतलं. छातीवर लावायचा तो बिल्ला.

>> बिल्ला नको हो, पट्टेवाल्याचा वाटतो.

>> मूळ प्रश्नवाला: गोल मेडल आहे खरंच, आत्ता काढून बघितलं, एका बाजूला सिंह आहे आणि त्याच्या पायाखाली दोन डोक्यांचा कसलातरी राक्षस. आणि घरात विचारलं तर थोरली आत्या म्हणाली, पणजी त्या स्टारला ‘चांदणी’ म्हणायची, दसऱ्याला चिंचेने घासून ठेवायची (म्हणूनच अक्षरं पुसट झालीत बहुतेक). स्मरणिकेत ‘इटलीच्या मोहिमेचं मेडल, इटली स्टार’ असं सरळ देतोय, चुलते जरा नाराज आहेत.