सीआरएम (ग्राहक आणि सौद्यांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) स्वतःच्या सर्व्हरवर टाकावं का? माझं मत: छोट्या टीमने त्या फंदात पडू नये

खटपट्या
आमची टीम आठ जणांची. दोन वर्षांपूर्वी सुईटसीआरएम हे फुकटचं सीआरएम स्वतःच्या व्हीपीएसवर (होस्टिंग कंपनीकडून घेतलेल्या आभासी सर्व्हरवर) टाकलं. टाकणारा मीच, त्यामुळे खडे मारायचे तर मलाच. एका दुपारचं काम: अपाची हा वेबसर्व्हर, पीएचपी ही भाषा, मारियाडीबी हा डेटाबेस, झिप उलगडली, ब्राउझरमधला विझार्ड संपवला, लॉगिन झालं. जाम खूश होतो.

मग क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय; क्रॉनटॅब ही तिची यादी. दर मिनिटाला चालणारी एक ओळ क्रॉनटॅबमध्ये घालावी लागते, नाहीतर आठवणीच्या मेल आणि वर्कफ्लो (ठरवून दिलेली आपोआपची कामं) पडून राहतात. ती ओळ मी रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या युजरच्या) क्रॉनटॅबमध्ये घातली. दोन दिवस सगळं छान. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना पांढरी स्क्रीन. कॅशे (तात्पुरत्या फायलींच्या) फोल्डरमधल्या काही फायली रूटच्या नावावर झाल्या होत्या. वेबसर्व्हर चालतो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरखाली, त्याला तिथे लिहिताच येईना. चोन (फायलीचा मालक बदलणारी कमांड) करून पाच मिनिटांत सुटलं, पण कारण सापडायला दुपार झाली. तोवर विक्रीवाले वहीत नंबर लिहीत बसले.

सर्व्हर बघणं हे कुणाचंच ठरलेलं काम नसेल, तर भाडं भरा आणि तयार सेवा घ्या.

रात्रपाळी
असहमत. चूक तुमची आणि शिक्षा सॉफ्टवेअरला? क्रॉन वेबसर्व्हरच्याच युजरखाली चालवायचं, हे इन्स्टॉलेशनच्या सूचनांत असतं. वाचायचा कंटाळा हा काही स्वतः होस्ट करण्याविरुद्धचा मुद्दा नाही.

भाड्याच्या सेवेत माणशी पैसे मोजता. नवा माणूस आला की बिल वाढलं, म्हणून चौघांत एक लॉगिन वापरणारी कार्यालयं मी पाहिली आहेत. मग नोंद कुणी बदलली ते कळणार कसं? आणि बाहेर पडायचं ठरवलंत की हातात बऱ्याचदा सीएसव्हीचं (साध्या तक्त्यांच्या फायलींचं) गाठोडं येतं. नावं-नंबर मिळतात, पण कुठला फोन कुठल्या सौद्याबद्दल होता हे धागे पुन्हा जुळवत बसा.

जुनी वही
दोघांना एकच विचारते: बॅकअप परत उतरवून पाहिलाय का कधी?

आमच्याकडे रोज रात्री मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत) निघायचा, फाईल दुसऱ्या मशीनवर जायची. डिस्क गेली. नव्या सर्व्हरवर डंप चढवला, ग्राहक आले, नोंदी आल्या, टाळ्या वाजल्या. मग कुणीतरी एका ग्राहकाचं कोटेशन उघडलं. पीडीएफचं नाव दिसतंय, फाईल नाही. कुठलीच नाही. जोडलेल्या फायली डेटाबेसमध्ये नसतात, अपलोड फोल्डरमध्ये असतात, आणि त्या फोल्डरचा बॅकअप आम्ही कधी घेतलाच नव्हता. पुढचा आठवडाभर आम्ही ग्राहकांनाच मेल करत होतो, “आम्ही पाठवलेलं कोटेशन जरा परत पाठवता का?”

खटपट्या
घ्या. माझाच मुद्दा.

रात्रपाळी
नाही, तो बॅकअपचा मुद्दा आहे. डंप आणि फोल्डर दोन्ही घ्यायचे, महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनवर उतरवून बघायचं. भाड्याच्या सेवेतही कुणी चुकून पाचशे नोंदी उडवू शकतोच, तेव्हा कुणाच्या दारात उभे राहणार?

आणि इतिहास बघा. शुगरसीआरएम या कंपनीने सातव्या आवृत्तीपासून फुकटची कम्युनिटी एडिशन काढलीच नाही. लोक अडकले का? नाही, २०१३ मध्ये त्याच कोडमधून सुईटसीआरएम निघालं, कारण परवान्याने ती मुभा दिली होती. बंद सेवेच्या मालकाचं मन फिरलं तर हा रस्ता नसतो.

खटपट्या
रस्ता असतो, पण चालावं आपल्यालाच लागतं. पीएचपी ७.४ चा आधार (सुरक्षा दुरुस्त्या येणं) नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला. कोणाच्या सर्व्हरवर ती अजून चालू आहे, खरं सांगा. आधी पीएचपी वर न्या, मग सीआरएम, मग कुणीतरी हौसेने बसवलेलं एखादं मॉड्यूल मोडतं. हे तुम्हाला जमतं, रात्रपाळी. आठ जणांच्या टीममध्ये तुमच्यासारखा माणूस असतोच असं नाही.

मधला मार्गी
टाकायचंच असेल तर दोन गोष्टी. एक, लॉगिनचं पान उघड्या इंटरनेटवर ठेवू नका, व्हीपीएनच्या (फक्त आपल्या लोकांच्या खासगी नेटवर्कच्या) आत ठेवा. दोन, मेल सर्व्हर स्वतःचा उभारू नका. बरेच होस्टवाले पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो मार्ग) बंदच ठेवतात. उघडं मिळालं तरी एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या व्यवस्था) नीट बसेपर्यंत तुमचे मेल स्पॅममध्ये. बाहेरची एसएमटीपी (मेल पाठवून देणारी) सेवा जोडा आणि मोकळे व्हा.

जुनी वही
एसएमटीपीबद्दल +१. आम्ही त्यात महिना घालवला, तो वेगळा धागा होईल.

खटपट्या
रात्रपाळी, एक शेवटचं. तुम्ही सुट्टीवर असता तेव्हा रूटचा पासवर्ड कुणाकडे असतो?

रात्रपाळी
माझ्याकडेच. पण मी सुट्टी घेत नाही.