पाडव्याच्या पंगतीला डाळिंब्या

'सणाच्या जेवणात उसळीला कोण हात लावतं, बटाट्याची भाजी आणि कोशिंबीर पुरे' असं काही जण म्हणतात, ते आमच्या घरी तरी खोटं ठरतं. बटाटा श्रीखंड-पुरीबरोबर हवाच, वाद नाही. पण गेल्या पाडव्याला चौदा जण जेवायला होते आणि सगळ्यात आधी तळ दिसला तो डाळिंब्यांच्या, म्हणजे मोड आणून सोललेल्या वालांच्या उसळीच्या, पातेल्याचा. अर्धा किलो कोरडे कडवे वाल घेतले होते, पुढच्या वेळी पाऊण घेणार.

अडचण वेळेची. वाल रात्री भिजवायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, मोड यायला अख्खा दिवस जातो. मग कोमट पाण्यात टाकून सोलायचे; दोन बोटांत दाबला की दाणा टुणकन उडतो, निम्मे ओट्याखाली जातात. म्हणजे रविवारच्या जेवणाची तयारी शुक्रवारी रात्री सुरू. एवढा वेळ नसेल तर दादरच्या बाजारात सोललेले वाल मिळतात, महाग पडतात पण सणाला चालतं. शिजवताना कुकर नको, लगदा होतो. पातेल्यावर ताटात पाणी ठेवून मंद आचेवर, आणि डावाने ढवळायचं नाही, पातेलंच धरून हलवायचं. आमसूल नि गूळ दाणा शिजल्यावरच. आधी आंबट पडलं की डाळिंबी दडदडीत राहते, मग कितीही उकळा. (मी एकदा हे करून बसलेय, सासूबाई अजून काढतात.)