खुनाची गोष्ट वाचताना हसू आलं तर बिघडलं कुठे?

सदाफुली
परवा इथे एकांनी लिहिलं की चहाचा कप हातात घेऊन खुनाची हलकीफुलकी पुस्तकं वाचणाऱ्यांची मनं बोथट झालेली असतात. तीन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितेय.

बाबांच्या आजारपणात सव्वीस रात्री मी दवाखान्याच्या बाकावर काढल्या. सोबतीला इंग्रज लेखिका अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल. खेड्यातली विणकाम करणारी म्हातारी, गावगप्पांमधून खुनी हुडकते. डॉक्टर नक्की काहीच सांगत नव्हते. पुस्तकात मात्र शेवटी कोणीतरी सगळ्यांना समोर बसवून काय घडलं ते सांगायचं. तेवढ्यावर मला झोप लागायची. हा बोथटपणा?

आणि अगाथाबाईंनी मरण पाहिलं नव्हतं असं समजू नका. पहिल्या महायुद्धात त्या टॉर्कीच्या इस्पितळात आधी परिचारिका होत्या, मग औषधं बनवायच्या खोलीत. विषांची माहिती तिथलीच. १९२० च्या पहिल्या कादंबरीत टॉनिकमध्ये ब्रोमाइड, म्हणजे झोपेचं औषध, पडल्यावर त्यातलं स्ट्रिक्नीन हे विष तळाशी बसतं आणि शेवटच्या डोसात एकदम पोटात जातं, ते उगाच नाही सुचलं.

बांधावरचा
ते मीच लिहिलं होतं. मागे घेत नाही.

माझ्या मामाचा खून झाला, बांधाच्या वादातून. नऊ वर्षं तारखा. मामी दर तारखेला डबा बांधून एसटीने तालुक्याला जायची. साक्षीदार फिरले, सगळे सुटले. तुमच्या पुस्तकांत मेलेला माणूस विसाव्या पानानंतर कोणाला आठवतो? तो नुसता कोड्याचा तुकडा. मला ते वाचवत नाही.

पानपलटू
सदाफुली, तुम्ही सरळ शेवट फोडलात! ते पुस्तक माझ्या उशाशी आहे, निम्मं झालंय. धाग्यावर आधी सूचना द्यायची एवढी साधी रीत नाही पाळता येत?

सदाफुली
शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक आहे हो. आणि खुनी कोण ते मी सांगितलेलं नाही.

पानपलटू
कसं केलं ते कळल्यावर उरलं काय? आमच्या वाचनालयात एक सभासद होता, पहिल्या पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. मे महिन्याच्या सुट्टीत सलग चार पुस्तकं त्याने माझी नासवली. मी अकरा वर्षांची होते, रडले होते. पुस्तक जुनं असेल, वाचणारा दरवेळी नवा असतो.

कुळागर
पानपलटूंना +१. लंडनला १९५२ पासून चाललेल्या अगाथाबाईंच्या ‘द माउसट्रॅप’ नाटकात शेवटी प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका.

गिरगावातला
सगळं कौतुक विलायती बाईंचंच का? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड या त्यांच्या नायकांपायी गिरणीतले कामगार वाचायला लागले. माझे आजोबा त्यांतलेच, चौथी शिकलेले. पण घरात शिकलेलं माणूस आलं की ती पुस्तकं गादीखाली जायची. त्यांना लाज वाटायला लावली लोकांनी, हे मला आजही सलतं. आणि भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे? चोर पकडताना हसवणारा आपलाच पोरगा होता की!

बांधावरचा
फेणेचं सोडा, तिथे खून नव्हे, खोड्या होत्या. मामीला कोणी समोर बसवून काय घडलं ते सांगितलं नाही, मी त्याबद्दल बोलतोय.

कुळागर
बांधावरचा, त्याच नाटकाबद्दल एक. १९४५ मध्ये श्रॉपशरच्या एका शेतघरात सांभाळायला दिलेला १२ वर्षांचा मुलगा मारहाणीने आणि उपासमारीने मेला. इंग्लंड हादरलं होतं. बाईंनी त्यावरून १९४७ मध्ये रेडिओनाटक लिहिलं, त्याचंच पुढे हे नाटक झालं. त्यात हसू आहे, पण मेलेल्या पोराला कोणी विसरत नाही. यापुढे एक अक्षर सांगणार नाही.

बांधावरचा
मुलाचं माहीत नव्हतं. ठीक आहे, सगळ्यांना एका मापाने मोजलं ते चुकलं. पण चहाचा कप आणि खून ही जोडी मला पटणार नाही, त्यावर वाद घालू नका.

सदाफुली
नाही घालत. मामींचं वाचून रात्री झोप आली नाही. तुमच्या घरात मीही ते पुस्तक उघडणार नाही. माझ्या घरात उघडीन.

पानपलटू
आणि तो परिच्छेद? अजून तसाच आहे वर.